गोळी, इलेक्ट्रॉन आणि गंगाधरपंत

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथा शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतात. कथेतले विज्ञान तपासावे, असे मात्र सहसा कोणी सांगत नाही. लेखक एवढे मोठे शास्त्रज्ञ, मग तपासायचे काय? आमचाही असाच समज होता. मुखेडच्या अकरावीतील एका मुलाने तो मोडला.

कथा होती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका वेगळ्याच जगात जातात. तेथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते, कारण विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मुखेडजवळच्या उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, हे तिथल्या मुलांना ठाऊक. त्यामुळे वर्ग रंगला. शेवटी राजेंद्र देशपांडे हे पात्र पंतांना पुंजसिद्धांत समजावते: इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे सांगता येत नाही, म्हणून अनेक जगे संभवतात. तेव्हा तो मुलगा म्हणाला, “सर, पण गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे ना?”

आम्ही फळ्यावर गणित मांडले. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल, तर तिची तरंगलांबी सुमारे २ × १०⁻³⁴ मीटर येते. अणुकेंद्रकाचा आकार १०⁻¹⁵ मीटरच्या आसपास असतो. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अणूएवढी असू शकते. गोळीच्या बाबतीत पुंजसिद्धांताची अनिश्चितता जाणवण्याजोगी राहत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनवरून गोळीवर घेतलेली उडी हे कथेतले गृहीतक आहे, सिद्ध झालेले विज्ञान नव्हे.

कथेचा दुसरा आधार अधिक भक्कम आहे. एका नाजूक क्षणी लहानसा बदल झाला, तर परिणाम एकदम पालटतो, असे आपत्ती सिद्धांत सांगतो. सेनानी पडला की फौजेचा धीर सुटतो, हे त्याचे पटणारे उदाहरण. मात्र हे सारे राजेंद्र बोलतो आणि पंत ऐकतात. पात्रांचे संभाषण संपून व्याख्यान सुरू होते. नारळीकरांच्या बऱ्याच कथांत हा दोष आढळतो.

तरीही ही कथा आम्हांला मोलाची वाटते. मराठे जिंकले या आनंदात पंत रमत नाहीत. ते ग्रंथालय गाठतात, स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढतात आणि घटना नेमकी कोठे बदलली ते शोधतात. अभिमानापेक्षा पुरावा आधी, हे लेखकाने उपदेश न करता दाखवले आहे. म्हणून आमची सूचना अशी, की राजेंद्रचे स्पष्टीकरण सुरू होण्यापूर्वीच वाचन थांबवावे आणि कारण मुलांना शोधू द्यावे. नंतर दोन्ही स्पष्टीकरणे ताडून पाहावीत.

खुद्द लेखकाला यात वावगे वाटले नसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. नावाकडे न पाहता कथा जोखली जावी, ही त्यामागची इच्छा. पुढे स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर देईन. मुखेडच्या मुलाचा प्रश्न त्या पोस्टकार्डावर शोभला असता. आता त्याचे उत्तर वर्गातच शोधावे लागेल.