कुत्रा, मांजर आणि पाहणारा

मंडळी, पडद्यावर दोन चित्रं आहेत. पलंगावरच्या बाईकडे नंतर बघू. आधी पलंगाच्या पायथ्याकडे बघा.

डावीकडे टिशियनची ‘व्हीनस ऑफ उर्बिनो’, साल १५३८. पायाशी छोटा कुत्रा मुटकुळं करून झोपलाय. तिच्या हातात गुलाब, खिडकीत मर्टलचं झुडूप. दोन्ही व्हीनसची, म्हणजे प्रेमदेवतेची. मागे दासी कपड्यांच्या पेटीशी आहेत. अशा पेट्या त्या काळी इटलीत लग्नात देत. कुत्रा म्हणजे निष्ठा, हा नेहमीचा अर्थ. तो बरोबरच आहे, पण पुरेसा नाही. ती थेट आपल्याकडे बघतेय, म्हणजे खोलीत कुणीतरी आलंय, आणि तरी कुत्रा जागा होत नाही. आलेला माणूस घरातलाच असणार.

आता उजवीकडे. मानेनं १८६३ मध्ये रंगवलेली ‘ऑलिंपिया’. टिशियनच्या चित्राची नक्कल मानेनं तरुणपणी केली होती, त्यामुळे मांडणी जवळपास तीच. पण कुत्र्याच्या जागी काळं मांजर: पाठ कमानदार, शेपटी ताठ. आलेला माणूस परका आहे. गुलाबाच्या जागी पुष्पगुच्छ आहे, कुणीतरी पाठवलेला. म्हणजे आलेला गिऱ्हाईक आहे.

१८६५ च्या पॅरिसच्या सलोंमध्ये हे चित्र लागलं आणि लोक भडकले. नग्नतेमुळे म्हणाल, तर १८६३ च्या सलोंमध्ये काबानेलची लाटांवर पहुडलेली नग्न व्हीनस होतीच; ती तर सम्राट तिसऱ्या नेपोलियननं विकत घेतली! तिथे देवीचं नाव होतं, समुद्र होता, बाळदेवदूत होते. बघणाऱ्याला सभ्य राहता येत होतं. मानेनं ती सोय काढून घेतली.

माझं म्हणणं एवढंच, की प्रेमाची आणि सौंदर्याची चिन्हं चित्रातल्या स्त्रीइतकीच पाहणाऱ्याबद्दलही बोलतात. तुम्ही कोण म्हणून इथे आलात, ते सांगतात.

आणि हाच निकष टीकाकारांनाही लावू या. मांजराचा अर्थ आपण दीडशे वर्षं लावतोय. गुच्छ धरून उभी असलेली कृष्णवर्णीय दासी मात्र अगदी अलीकडेपर्यंत बहुतेकांच्या लेखी पार्श्वभूमीच होती. त्या मॉडेलचं नाव मानेच्या टिपणवहीत आहे: लोर. मांजर दिसलं आणि ती दिसली नाही, हे आपल्याबद्दल काय सांगतं?