हलगीची लय आणि समीक्षेचे कान

लावणीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक शब्दांवरच. शाहिराचे नाव, शृंगाराची प्रत आणि उपमांची यादी झाली की समीक्षकाचे काम संपते. ज्या ठेक्यावर लावणी नाचली जाते, तो ‘साथ’ या एका शब्दात गुंडाळला जातो. हा निव्वळ विसर आहे असे मला वाटत नाही. शब्द रचणाऱ्यांत रामजोशी, अनंतफंदी, पठ्ठे बापूराव हे ब्राह्मणही होते. हलगी मात्र प्रामुख्याने गावकुसाबाहेरच्या हातांत राहिली.

या हातांनी काय घडविले? तुणतुणे एकच सूर धरून ठेवते. ढोलकीची धुम घुमते, चाट टणक बोलते. विस्तवावर शेकून ताणलेली हलगी या बोलांमधल्या मोकळ्या जागा हेरते आणि तेथे जाब विचारल्यासारखी कडाडते. बालेघाटी विरहाची, तिची चाल संथ, सूर लांबणारा. तेथे वादकाला हात राखावा लागतो. छक्कड उडत्या चालीची. तेथे ठेका दुगणीत जातो आणि नाचणारीच्या पायांतले चाळ त्याला उत्तर देतात. आठ मात्रांची धुमाळी तीच, पण कुठे थांबायचे आणि कुठे तुटून पडायचे याचे शास्त्र वादकाच्या मनगटात असते. ते पोथीत नाही म्हणून ते शास्त्र नव्हे, असे कोणी ठरविले?

हीच हलगी गावकीने सक्तीनेही वाजवून घेतली: दवंडीला, मयताला, जत्रेला. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावकीची कामे नाकारण्याला बळ आले. हा नकार लयीला नव्हता, सक्तीला होता. म्हणूनच भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेऊन आशय बदलला. अण्णा भाऊ साठ्यांनी गणातले गणेशवंदन काढले, ढोलकी ठेवली. वाजवायचे की नाही, हे वाजवणारा ठरवू लागला की त्याच ठेक्याचा अर्थ बदलतो.

वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मराठी रंगभूमी मोजली जाते. तमाशा त्याआधी पेशवाईतच उभा होता; त्याला मात्र त्या मोजणीच्या बाहेर ठेवले गेले. आज नवी मुंबईत साताऱ्या-सांगलीकडून आलेला माथाडी कामगार ढोलकीची पहिली थाप पडताच ताठ बसतो. त्याच्या कानाला जी पारख आहे, ती आमच्या समीक्षेला अजून आलेली नाही.

लावणीच्या पुढच्या अभ्यासकाकडे माझी मागणी साधी आहे. शब्दांआधी ठेका ऐका. तो कोणी बसविला ते विचारा आणि शाहिराच्या शेजारी त्याचे नाव लिहा.