घटनादुरुस्ती आणि अध्यक्षाची खुर्ची
२००८च्या सांगली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर मतदानाने आले. २०२६ला साताऱ्यात विश्वास पाटील आले ते महामंडळाच्या निवडीने. मध्ये २०१८ची घटनादुरुस्ती आहे. लेखकाने मतांसाठी दारोदार हिंडणे अपमानास्पद, हे तिचे समर्थन. मान्य. हजारभर मतदारही संस्थांनीच ठरविलेले. ती लोकशाही कसली? तरी उमेदवार उघड उभा राहत होता, किती मतांनी पडला हे जगाला कळत होते. आता नाव बैठकीतच गळते. आणि अध्यक्ष बांधील कुणाला? निवडणाऱ्यांनाच. आटपाडीचे शंकरराव खरात १९८४ला जळगावी अध्यक्ष झाले, ते त्या सदोष जुन्या घटनेखालीच. घटक संस्थांनी सुचविलेली सारी नावे महामंडळाने छापावीत; त्यांत आमची किती, ते आम्ही मोजू.