परदेशाचे वर्णन आणि मायबोलीचे माप

परदेशी गेलेल्या माणसाचे प्रवासवर्णन हाती घेतले की आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतो : लेखक हे कोणाला सांगत आहे? भाषेचे बरेचसे गुणदोष या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले असतात. पंडिता रमाबाईंची दोन पुस्तके या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणजे प्रार्थना समाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले दीर्घ पत्र होय. तरुण विधवेने समुद्र ओलांडणे त्या काळच्या समाजाला रुचणारे नव्हते. म्हणून या पत्रात प्रवासाबरोबर प्रवासाचे समर्थनही येते. समोर परिचित वाचक असल्याने ‘मी का निघाले’ हे सांगण्याचा संकोच तेथे नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तेथील वास्तव्यातून १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ सिद्ध झाला. शीर्षकातील क्रम बोलका आहे : आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. देशाचे नाव इंग्रजीच राहिले. परंतु त्याला मराठीचा षष्ठी प्रत्यय लागला आणि भोवती संस्कृत समासांची बैठक आली. परका शब्द घरात आला तो घरच्या व्याकरणाचा मान राखून!

राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मकार्य, स्त्रियांची अवस्था अशा प्रकरणांतून रमाबाई तो देश मराठी वाचकांपुढे मांडतात. स्त्रियांच्या संघटित कार्याची त्या मनापासून प्रशंसा करतात. पण कृष्णवर्णीयांवरील व मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडे डोळेझाक करीत नाहीत. त्यांच्या भाषेत दिपून जाणे नाही आणि हेटाळणीही नाही. आमच्या मते हेच तिचे खरे बळ.

उणीवही सांगितली पाहिजे. माहितीच्या भाराखाली प्रवासी स्त्री मागे पडते. पहिल्या पुस्तकातील ‘मी’ येथे क्वचितच भेटतो आणि पंडितांची शब्दकळा सामान्य वाचकाला दूर ठेवते. पुढे बायबलचे भाषांतर करताना त्यांनी साध्या माणसांना समजेल अशा मराठीचा ध्यास घेतला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुली आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जातात. त्यांच्या पत्रांत व लेखांत पगार, थंडी, गाड्या यांची वर्णने पुष्कळ असतात. तेथील माणूस मात्र क्वचित दिसतो आणि लिहिणाऱ्याचे मन त्याहूनही क्वचित. त्यांनी रमाबाईंकडून पाहण्याची सचोटी घ्यावी, आणि त्यांनी राखून ठेवलेले मन स्वतः मोकळे करावे. घरी वाट पाहणाऱ्या आईला वाचता येईल अशा मराठीत लिहिलेले पान कोणत्याही देशात परके ठरत नाही.