जाहिरातीच्या शेजारचा मजकूर

दिवाळी अंक हाती आला की आधी जाहिराती चाळणारे काही वाचक असतात, मीही त्यांतलाच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. पुढे हा संसार बराचसा जाहिरातदारांच्या आधारावरच चालला. मात्र आपण कोणाच्या पंगतीला बसतो आहोत, हे जाहिरातदाराला ठाऊक असे.

परवा बोईसरच्या एका कारखानदार स्नेह्यांनी मोबाईलवर आपली जाहिरात दाखविली. शेजारी लेख होता, 'तारापूरची थंड हवा'! जिथे १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, ते आमचे घामट तारापूर तिथे धुक्यात न्हाऊन निघाले होते. व्याकरण निर्दोष, पण लेखक पालघरच्या फलाटावर कधी उतरलेला नव्हता. उतरणार कसा? तो यंत्र होता.

पान उघडताच क्षणार्धात जागेचा लिलाव होतो. बोली लावणारेही यंत्रच. ते वाचक कोण हे पाहते, मजकूर क्वचितच. अमेरिकेतील जाहिरातदारांच्या संघटनेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा त्यातल्या खर्चाचे १५ टक्के केवळ जाहिराती लावण्यासाठीच रचलेल्या पानांवर गेलेले आढळले.

पाने भरणारे लेखक आपल्याकडेही होतेच म्हणा. पण त्यांना नावानिशी जाब विचारता येई. इथे विचारावा कोणाला?

"दलालाकडून यादी मागा," मी स्नेह्यांना म्हटले, "आणि चालतील तेवढीच पाने नेमून द्या."

यादी मागविली आहे. आली की चहाला जाणार आहे. ती पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला.