तान्ह्या पोळ्याचा नंदी : रंग कुठे बघायचा?

मागच्या एका पोस्टखाली एका वाचकाने विचारलं होतं, "तुम्ही पीएचडीत नेमकं काय करता? खेळणी बघता?" उत्तर हो असंच आहे. आणखी नेमकं सांगायचं तर मी खेळण्यांवरचा रंग बघते. लहान आकाराच्या वस्तूवर रंग कसा लावला जातो, तो कोणत्या अंतरावरून बघायचा असतो आणि त्यावरून ती वस्तू कशासाठी आहे हे कळतं का, हा माझा प्रश्न आहे. आज त्यातला एकच तुकडा घेऊ. तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला आहे : तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. ही पोस्ट त्याचं कौतुक करते आणि थोडी टीकाही करते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. श्रावणी अमावस्येला पोळा, म्हणजे खऱ्या बैलांचा सण. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. चार चाकांच्या पाटावर उभा असलेला लाकडी बैल दोरीने ओढत लेकरं घरोघरी जातात आणि त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगितलं जातं. आज ती विदर्भभर आहे. आमच्याकडे यवतमाळ, वणी, दारव्हा, घाटंजी, कुठेही जा, त्या दिवशी रस्त्यावर लाकडी चाकांचा खडखडाट असतो.

आता एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ या, कारण तुलनेशिवाय आपल्या वस्तूचं वेगळेपण दिसत नाही.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात गेम्स वर्कशॉप नावाच्या कंपनीचं मुख्यालय आहे. कंपनी १९७५ ची, आणि तिचा 'वॉरहॅमर' हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ १९८३ चा. त्यात राक्षस, बुटके, चिलखती योद्धे अशा साधारण तीन सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा विनारंगाच्या मिळतात. रंगवायच्या आपणच. जगभर लाखो लोक हा छंद करतात आणि आता भारतातल्या मोठ्या शहरांतही करणारे आहेत. कित्येकांना खेळापेक्षा रंगवणंच जास्त आवडतं.

त्यांची रीत बघण्यासारखी आहे. आधी प्रायमर. मग मूळ रंग. मग 'वॉश', म्हणजे पातळ गडद रंग, जो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि सावलीसारखा दिसतो. मग उंचवट्यांवर फिक्या रंगाचे थर आणि कडांवर केसाएवढी उजळ रेघ. एवढा खटाटोप कशाला? कारण साधं आहे. खऱ्या माणसाच्या नाकाची सावली त्याच्या ओठावर पडते आणि ती आपल्याला दिसते. तीन सेंटिमीटरच्या बाहुलीच्या नाकाची सावली इतकी बारीक असते की हातभर अंतरावरून ती नाहीशीच होते आणि चेहरा सपाट वाटतो. म्हणून सावली रंगवावी लागते. उजेड जे काम करू शकत नाही ते ब्रश करतो. या छंदातले लोक 'तीन फुटांवरून छान दिसतं' अशी एक पातळीही मानतात : टेबलाशी उभं राहून खेळताना जे अंतर असतं, त्या अंतराला पुरेल इतका रंग. स्पर्धेसाठी रंगवलेली बाहुली मात्र हातात धरून, फिरवून, अगदी जवळून बघायची असते. त्यांच्याकडे १९८७ पासून 'गोल्डन डेमन' नावाची रंगकामाची स्पर्धा आहे. तिथे रंगच जोखला जातो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपला नंदी रंगकामात मागासच की! एकरंगी पांढरा अंग, काळे खूर, लाल किंवा सोनेरी शिंगं, दोन मोठे डोळे, पाठीवर झुलीचा चौकोन. छटा नाही, सावली नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा, तिथेही हेच : एक रंग अंगाला, एक पागोट्याला, मिशीला काळा फटकारा.

मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. नंदी टेबलावर नसतो, रस्त्यावर असतो. तो वीतभर तरी असतो, कित्येकदा हातभर. त्याच्यावर भाद्रपदातलं ऊन किंवा ढगातला उजेड पडतो, आणि वशिंडाची, मानेखालच्या पोळीची सावली खरीखुरी पडते. रंगवलेल्या सावलीची त्याला गरजच नसते. शिवाय तो हलतो. दोरीने ओढला जाणारा, दगडावर उसळणारा बैल दहा फुटांवरून दिसायचा असेल, तर त्याला बारीक छटा नकोत. ठळक डोळा हवा, अंगाच्या आणि शिंगांच्या रंगात फरक हवा, कोरीव रेघ जिथे आहे तिथे रंगाची हद्द हवी. चांगला सुतार आणि चांगला रंगारी हे अचूक करतात. डोळा थोडा पुढे आणि खाली काढलेला असला, तर बैल ओढणाऱ्या लेकराकडे बघतो असं वाटतं. पुढच्या वेळी बाजारात दहा नंदी रांगेने ठेवलेले दिसले तर फक्त डोळे बघा. कोणता हातातला कसबी आणि कोणता घाईचा, ते लगेच कळेल.

तर सपाट रंगावर माझा आक्षेप नाही. आक्षेप दोन आहेत.

पहिला स्पर्धांबद्दल. तान्ह्या पोळ्याला गावोगावी, मोहल्ल्यामोहल्ल्यांत 'उत्कृष्ट नंदी सजावट' अशी बक्षिसं असतात. हेतू चांगला असतो, लेकरं खूश होतात. पण बक्षीस कशाला मिळतं? बहुतेक ठिकाणी मोठ्या आकाराला आणि नंदीभोवती उभारलेल्या देखाव्याला : थर्माकोलचं मंदिर, एलईडीची माळ, पाणी वाचवा, झाडं लावा असा फलक. यात नंदीचा रंग कुणी बघतच नाही. कित्येकदा नंदीच दिसत नाही. सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ च्या 'ऑन लाँगिंग' या पुस्तकात लहान आणि अवाढव्य वस्तूंमधला फरक मांडला आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर लहान वस्तू आपल्या हातात येते, घरातली होते. अवाढव्य वस्तू आपल्याला वेढते, ती चौकातली, मिरवणुकीतली होते. तान्हा पोळा मुळात पहिल्या जातीचा. मोठ्यांच्या बैलांचा सण झाला की लेकरांना त्यांच्या हाताच्या मापाचा बैल द्यायचा. स्पर्धेने तो हळूहळू दुसऱ्या जातीत ढकलला जातो. चार माणसांनी हलवायचा नंदी तीन वर्षांच्या पोराचा कसा? पोर बाजूला उभं राहतं, बाप दोरी धरतो, फोटो निघतो.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो खुद्द रंगाबद्दल आहे.

वॉरहॅमरवाले आणखी एक गोष्ट करतात, तिला 'वेदरिंग' म्हणतात. बाहुली पूर्ण रंगवून झाली की तिच्या बुटांना चिखल लावायचा, चिलखतावर ओरखडे काढायचे, तलवारीला गंज चढवायचा. म्हणजे हा योद्धा कुठून तरी चालत आलाय, काहीतरी भोगून आलाय, हे दिसावं. गंमत बघा : जो प्राणी पृथ्वीवर कधी नव्हता, त्याच्या अंगावर कष्टाच्या खुणा आहेत. आणि आपला बैल, जो खरोखर होता, ज्याने काळ्या मातीत तिफन, वखर, डवरा ओढला, त्याच्या अंगावर एक खूण नाही.

इथे तुम्ही मला अडवाल, आणि बरोबर अडवाल. पोळ्याचा दिवस मुळी कामाचा नसतोच. बैल नदीवर धुतात, शिंगं रंगवतात, बेगड लावतात, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. मग नंदीला चिखल कशाला? मान्य. खुरांना चिखल लावलेला नंदी हा पोळ्याचा नंदी होणार नाही.

पण पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात ते आठवा. खांदशेकणी. हळद आणि तूप किंवा लोणी लावून बैलाचा खांदा चोळतात, शेकतात. वर्षभर, आणि विशेषतः पेरणीपासून डवरणीपर्यंतच्या पावसाळी आठवड्यांत, जू घासून तिथली कातडी जाड झालेली असते, केस गेलेले असतात. सणाची सुरुवातच त्या घट्ट्यापासून होते. मालक बैलाच्या अंगावरची नेमकी ती जागा हाताने शोधतो जिथे आपल्या शेतीचा भार पडला. मला तरी या सणातली सगळ्यात प्रामाणिक कृती ही वाटते. आणि लाकडी नंदीच्या अंगावर नेमकी तीच जागा कोरी असते. वशिंडाच्या पुढे, मानेवर, गुळगुळीत पांढरा रंग.

क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९६२ च्या 'ला पॉंसे सोव्हाज' या पुस्तकात लहान प्रतिकृतींबद्दल एक मुद्दा मांडला होता. खरी मोठी वस्तू आपण भागाभागाने समजून घेतो, प्रतिकृतीत मात्र संपूर्ण आधी कळतं आणि भाग नंतर. प्रतिकृती करताना काही सोडावंच लागतं, आणि काय सोडलं यावर तिचा अर्थ ठरतो. नंदीत काय सोडलं? खांदा सोडला. म्हणून लेकराला जे 'संपूर्ण' आधी कळतं, ते देवाचं वाहन असतं, घरचा कामाचा बैल नसतो. आपण त्याला 'नंदी' म्हणतो यातही ते आलंच.

अंगाच्या रंगाचंही तेच. आपल्या भाषेत बैलाच्या रंगाला केवढे शब्द : ढवळा, तांबडा, बांडा, कबरा, कपाळावर ठिपका असला तर चांद्या. शेजारच्या वर्धा जिल्ह्याकडची गवळाऊ जात घ्या. गायी पांढऱ्या, पण बैलाची मान, वशिंड आणि मागचा भाग करडा असतो. म्हणजे 'पांढरा बैल' सुद्धा खरं तर सगळा पांढरा नसतो. बाजारातल्या नंद्यांच्या रांगेत मात्र बहुतेक एकच पांढरा, डब्यातला.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटू शकेल. काही वर्षांपूर्वी मीही हा प्रश्न हलकाच घेतला असता, कारण गोठ्यात खरा बैल होता. लेकराला लाकडाच्या बैलाने जे सांगितलं नाही ते गोठ्याने सांगितलं असतं. आता तसं नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले गोवंशातले नर आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातही बैलजोडी ठेवणं सगळ्यांना परवडत नाही, ट्रॅक्टर भाड्याने येतो. शहरातल्या पुष्कळ लेकरांनी जवळून हात लावलेला एकमेव बैल हा लाकडाचा आहे. आधी तो आठवण करून देणारा होता. आता तोच मूळ होत चाललाय. मग त्याच्या अंगावर काय रंगवलंय आणि काय नाही, याने फरक पडतो.

मग करायचं काय? रंगाऱ्याला वॉश आणि ड्रायब्रश शिकवा असं मी म्हणत नाही. त्याची सपाट, ठळक शैली त्याच्या कामाला योग्य आहे. मला दोन छोट्या गोष्टी सुचवायच्या आहेत.

एक, मानेवर जू बसतं तिथे हळदीचा एक पट्टा. त्याच्याखाली करड्या रंगाचा बोटभर डाग. बस्स. याने बैल मळलेला दिसणार नाही, सण बिघडणार नाही. पण लेकरू विचारील, "हे काय आहे?" आणि घरात कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. आजी-आजोबा असतील तर उत्तर लांबेल. जुना नंदी घरात असेल तर हे तुम्ही स्वतः, पाच रुपयांच्या ब्रशने करू शकता. शक्य असेल तर घरी शेवटचा जो बैल होता त्याच्या रंगाचा नंदी रंगवा. बांडा असेल तर बांडा.

दोन, तुम्ही एखाद्या मंडळाच्या स्पर्धेला परीक्षक असाल तर गुणपत्रिकेत तीन प्रश्न घाला. नंदी लेकराला एकट्याने ओढता येतो का? दहा फुटांवरून त्याचा डोळा दिसतो का? आणि त्याच्या खांद्याकडे कुणाचं लक्ष गेलंय का? देखाव्याचे गुण नंतर द्या.

पुढच्या पोस्टमध्ये मातीच्या बैलजोड्यांकडे वळू. साच्यातून निघालेल्या दोन सारख्या बैलांना रंगाने वेगळं कसं केलं जातं, हा तिथला प्रश्न आहे. तोवर तुमच्या घरचा नंदी माळ्यावरून काढा आणि कोणत्या रंगाचा आहे ते खाली लिहा. जुन्या रंगाचा पोपडा निघाला असेल तर खरवडू नका. खाली कोणता थर आहे तेही मला बघायचंय.