पळावे की दार लावावे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात घरांची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण सूचना आधी मिळाली होती, माणसे हलवायला अवधी होता. स्थलांतर म्हटले की इथे आता हाच अनुभव आठवतो. विषारी वायूच्या गळतीला तो लागू पडत नाही. तरीही आपल्या शाळांतील कवायत सर्व संकटांसाठी एकच असते: घंटा झाली की रांगेने मैदानात. आग आणि भूकंप यांसाठी हे ठीक आहे. क्लोरीनसाठी ते घातक ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. तो जमिनीलगत पसरतो. सेकंदाला ३ मीटर वेगाचा मंद वाराही ताशी ११ किलोमीटर जातो, माणूस मात्र ताशी ५ किलोमीटर चालतो. शिवाय धावताना श्वास खोल जातो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये घराबाहेर पडून धावणारे कित्येक जण वायूच्याच वाटेने धावले.

मग दारे-खिडक्या लावून आत थांबावे का? थोडे गणित करू. बाहेर वायूचे प्रमाण १०० धरू आणि ढग १५ मिनिटे टिकला असे मानू. तासाला एकदा हवा बदलणाऱ्या बंद खोलीत त्या वेळात सरासरी प्रमाण १२ च्या आसपास राहील. कौलारू घराच्या फटींतून तासाला चार वेळा हवा बदलते असे धरले, तरी ते ३७ राहील. म्हणजे साधे घरही बराच आसरा देते. परंतु ढग निघून गेल्यावर आत शिरलेला वायू आतच असतो. तेव्हाही दारे लावून बसलो, तर एकूण विषाची मात्रा हळूहळू बाहेरच्याइतकीच होत जाते. म्हणून ‘आता खिडक्या उघडा, बाहेर या’ हा दुसरा भोंगा पहिल्याइतकाच महत्त्वाचा. कवायतीत त्याचा सराव हवा.

याला अपवाद आहेत. गळती तासन् तास चालणार असेल तर निघावेच लागते. वायू ज्वालाग्राही असेल तर घर हा आसरा नव्हे. याच जिल्ह्यात नागोठण्याला नोव्हेंबर १९९० मध्ये इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला व तिसाहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पदार्थ कोणता, हे आधी कळले पाहिजे.

आमचा दुसरा आक्षेप कायद्याच्या चौकटीवर आहे. १९८९ च्या नियमांनुसार धोक्याच्या टापूतील लोकांना आगाऊ माहिती देणे कारखानदारावर बंधनकारक आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक आपत्ती गट आणले. पण स्थानिक गट औद्योगिक पट्ट्यापुरते. रसायने मात्र एका पत्त्यावर बसून राहत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ला टक्कर बसली आणि शेकडो कंटेनर समुद्रात पडले, जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशके होती. मे २०२५ मध्ये केरळपाशी बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ वर कॅल्शियम कार्बाइडचे १२ कंटेनर होते. पाणी लागताच त्यातून ज्वालाग्राही ॲसिटिलीन निघतो. वाहून आलेल्या कंटेनरपासून २०० मीटर दूर राहा, असे तिथल्या लोकांना सांगावे लागले.

असा एखादा कंटेनर हरिहरेश्वरच्या पुळणीवर लागला आणि त्यातून विषारी वायू सुटला तर? दुपारी खारे वारे तो गावाकडे आणतील. पुस्तकी सल्ला आहे, वाऱ्याला आडवे निघा. म्हणजे उत्तरेला किंवा दक्षिणेला. दक्षिणेला सावित्रीची खाडी आहे, पलीकडे जायला बागमांडल्याची फेरीबोट. उरतो उत्तरेचा श्रीवर्धनचा रस्ता, आणि सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या असतात तोही तिथेच. रात्री मतलई वारे सुटले की तोच वायू समुद्राकडे जाईल, आणि गावकऱ्यांना बहुधा घराबाहेर पडायचीही गरज उरणार नाही.